‘अधःपतना’ची जुनी पुस्तकं कशी वाचायची? नवख्यांसाठी काही पायऱ्या

एकोणिसाव्या शतकातलं माणसांबद्दलचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा. वैद्यकाचं असो, तुरुंगांविषयीचं असो, नाहीतर प्रवासवर्णन. वीस-पंचवीस पानांत कुणीतरी ‘बिघडत चाललेलं’ भेटतंच. कधी दारुड्याचं घराणं, कधी लंडनच्या गल्लीतली पोरं, कधी गोव्यातले मिश्र वंशाचे लोक, तर कधी चक्क टॉल्स्टॉय. इंग्रजीत याला डिजनरेशन म्हणत, फ्रेंचमध्ये देजेनेरेसाँस, जर्मनमध्ये एंटआर्टुंग. पहिल्यांदा हे वाचणाऱ्याचं दोनपैकी एक होतं: एकतर संताप येऊन तो पुस्तक मिटतो, नाहीतर आकडे आणि तक्ते बघून दबून जातो. दोन्हींत वाचायचं राहूनच जातं. विद्यार्थी, अनुवादक किंवा नुसतेच जुन्या कागदांचे शौकीन असाल आणि या लिखाणात पहिल्यांदाच शिरत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

पायरी १: शब्द नीट धरा

मराठीत यासाठी एक ठरलेला शब्द नाही. अधःपतन, अवनती, अपकर्ष, ऱ्हास, ज्याला जो सुचला तो त्यानं वापरला. मी इथे ‘अधःपतन’ म्हणतोय खरा, पण या शब्दाला आपल्याकडे नीतीचा वास आहे: माणूस वाईट चालीला लागला, एवढाच अर्थ कानावर पडतो. मूळ लॅटिन शब्दाचा रोख वेगळा होता. आपल्या जातकुळीवरून घसरणं, बियाण्यानं मूळचा गुण सोडणं, असा तो अर्थ. आंबा रायवळ निघाला म्हणून कुणी आंब्याला पापी म्हणत नाही. सुरुवातीचे युरोपीय लेखक हा शब्द बराचसा तसाच वापरत. त्यात पाप मिसळलं, रोग मिसळला, ते पुढे.

म्हणून अनुवाद करत असाल तर सगळीकडे एकच मराठी शब्द ठोकून देऊ नका. १७७० सालच्या पानावर जिथे ‘मूळ जातीपासून ढळणं’ पुरेल, तिथे ‘अधःपतन’ घातलंत तर लेखकाच्या तोंडी नसलेली शिवी घातल्यासारखं होतं.

पायरी २: वहीत चार प्रश्न लिहा आणि पुस्तक शेवटाकडून उघडा

प्रश्न असे. घसरण कशापासून? कशामुळे? ती पुढच्या पिढीत जाते कशी? आणि परतीची वाट आहे का?

पहिल्या तिन्हींची उत्तरं लेखक पानोपानी देत असतो, कारण त्यांचा त्याला अभिमान असतो. चौथ्याचं उत्तर बहुधा शेवटच्या प्रकरणात, ‘उपाय’ किंवा ‘प्रतिबंध’ अशा मथळ्याखाली दडलेलं असतं. मी पहिल्यांदा असं पुस्तक हातात घेतलं तेव्हा शहाण्यासारखी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी ते कपाटात गेलं. आता उलट करतो. आधी उपाय वाचतो. गटारं बांधा म्हणतोय की माणसं कोंडा म्हणतोय, एवढं कळलं की मधल्या चारशे पानांतल्या कवट्या आणि वंशावळी कशासाठी जमवल्या आहेत ते उमगायला लागतं.

पायरी ३: सोप्यापासून सुरू करा, म्हणजे ब्यूफाँ आणि ब्लूमेनबाख

फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ यांनी १७६६ साली प्राण्यांच्या अशा ढळण्यावर एक निबंध छापला. सगळे प्राणी थोड्याशा मूळ जातींपासून आले. हवा, अन्न आणि पाळीव जिणं यांनी ते बदलले. माणसांचंही तेच. मग ते एक प्रयोग सुचवतात: सेनेगलमधली काळी माणसं डेन्मार्कला नेऊन ठेवा, बाहेर लग्नं होऊ देऊ नका आणि किती पिढ्यांनी ती गोरी होतात ते बघा. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण चौथा प्रश्न लावून पाहा. ब्यूफाँच्या हिशेबात परतीची वाट आहे. हवा बदलली की माणूस बदलतो. (वाट अर्थात डेन्मार्कच्या दिशेनं जाते, हे विसरू नका. मूळ माणूस गोरा, हे त्यांनी धरूनच चाललंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते असं.)

अमेरिकेतले प्राणी युरोपापेक्षा खुरटे, असंही ब्यूफाँचं मत होतं. हे तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनना इतकं झोंबलं की त्यांनी १७८७ साली न्यू हॅम्पशायरमधून मूस नावाच्या अगडबंब हरणाचं कातडं, हाडं आणि शिंगं पॅरिसला मागवून घेतली. या साहित्यात हसायला फार जागा नाहीत, तेव्हा ही सोडू नका.

जर्मनीतल्या गटिंगेनचे शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी मानवाचे पाच प्रकार पाडले आणि ‘कॉकेशियन’ हा मूळ धरून बाकीचे त्यापासून ढळलेले मानले. नवखा वाचक इथे लगेच शेरा मारतो. जरा थांबा. हेच ब्लूमेनबाख काळे लोक बुद्धीनं कमी नाहीत, असं ठासून सांगत आणि कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं मुद्दाम जमवत. शब्द तोच, पण त्यात तुच्छता किती हे प्रत्येक लेखकापाशी नव्यानं मोजावं लागतं.

पायरी ४: मोरेलपाशी मुक्काम करा

इथे घाई नको. बेनेडिक्ट मोरेल हे फ्रान्समधल्या वेड्यांच्या इस्पितळाचे डॉक्टर. १८५७ साली त्यांचा सुमारे ७०० पानांचा ग्रंथ आला आणि या कल्पनेला दवाखान्याचं दार उघडलं. मोरेल श्रद्धाळू कॅथलिक होते. त्यांच्या लेखी माणसाचा मूळ नमुना देवानं घडवलेला, निर्दोष. अधःपतन म्हणजे त्या नमुन्यापासून झालेलं रोगट ढळणं. बायबलमधली आदमची कथाच डॉक्टरच्या कोटात आलेली.

मोरेलचा पिढ्यांचा उतार वहीत उतरून घ्याच, कारण पुढची साठ-सत्तर वर्षं तो वेगवेगळ्या वेशात भेटत राहतो. पहिली पिढी: चिडका, अस्वस्थ स्वभाव, व्यसनं. दुसरी: अपस्मार, उन्माद, झटके, दारू. तिसरी: वेड, आत्महत्या, बुद्धीची दुबळाई. चौथी: जन्मजात मतिमंदत्व, व्यंग, वांझपण. तिथे वंश खुंटला. पणजोबाची बाटली पणतूच्या पाळण्यापर्यंत. गोष्ट म्हणून ती इतकी घट्ट आहे की कादंबरीकारांना मोह न पडता तरच नवल; झोला यांनी एका घराण्यावर वीस कादंबऱ्या रचल्या, त्यात हाच उतार आहे.

आता मोरेलच्या पुराव्यातली एक गोष्ट जवळून बघा. डोंगरी खोऱ्यांत गळ्याला गलगंड असलेली, खुजी, मंद बुद्धीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दिसत. आईला गलगंड, मूल मंद, नातवंड त्याहून मंद. एकाच गावात, एकाच घरात. अधःपतन वंशात उतरतं याचा याहून ढळढळीत दाखला कुठला? मोरेल जमिनीचा आणि हवेचाही दोष धरत होते, पण चित्र होतं वंश ढासळत चालल्याचं. त्याच दशकात पॅरिसमध्ये शातँ नावाचे रसायनतज्ज्ञ पाण्यात आणि मातीत आयोडीन मोजत होते, आणि जिथे ते कमी तिथे गलगंड जास्त असं सांगत होते. त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. स्वित्झर्लंडनं १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली आणि खोऱ्यांतला तो ‘वंश’ दिसेनासा व्हायला लागला. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात तोच प्रयोग झाला आणि गलगंड घसरणीला लागला. आज किराणा दुकानातल्या मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो, तो या सगळ्याचा धागा.

यातून एक सवय लावून घ्या. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हा शब्द दिसला की वहीच्या समासात लिहा: पिढ्या बदलल्या, पण विहीर बदलली का? घर, मजुरी, दारूचं दुकान बदललं का? जे न बदलता सोबत राहिलं तेही वारसाच असतं, फक्त ते रक्तातून येत नाही.

पायरी ५: साल आणि आवृत्ती तपासल्याशिवाय एक वाक्यही उचलू नका

इटलीतले डॉक्टर लोंब्रोझो यांचं गुन्हेगार माणसावरचं पुस्तक १८७६ साली आलं आणि १८९७ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत गुन्हेगार म्हणजे मागे उलटलेला आदिमानव. व्हिलेल्ला नावाच्या कालाब्रियातल्या माणसाच्या कवटीत मागच्या बाजूला एक खळगा दिसला आणि त्यांना तसा साक्षात्कार झाला म्हणे. पुढच्या आवृत्त्यांत अधःपतन, अपस्मार, परिस्थिती असं बरंच काही त्यात भरत गेलं. तेव्हा ‘लोंब्रोझो म्हणतात’ असं लिहिताना कुठल्या सालचे, ते सांगा. आणि मागे उलटणं व खाली घसरणं या दोन वेगळ्या कल्पना आहेत: एकीत पूर्वज ओबडधोबड, दुसरीत पूर्वज उत्तम. लोंब्रोझोंनी त्या पुढे बिनदिक्कत एकत्र केल्या. तुम्ही करू नका.

आवृत्ती बदलली की उपाय कसा फिरतो त्याचा नमुना अमेरिकेत सापडतो. रिचर्ड डगडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाचा ‘ज्यूक्स’ या बनावट आडनावानं अभ्यास केला आणि १८७७ साली छापला. गुन्हे, भीक, रोग, सगळी यादी त्यात आहे. पण ते उपायाला येतात तेव्हा आरोग्य, शिक्षण, परिस्थिती सुधारा असं म्हणतात. १९१६ साली एस्टाब्रुक यांनी त्याच कुटुंबाची पुढची कहाणी छापली, तीत परिस्थिती मागे पडली आणि रक्त पुढे आलं. त्यांना आता ही माणसं संस्थेत कोंडायला नाहीतर वांझ करायला हवी होती. घराणं तेच, उपाय मात्र दुसऱ्या टोकाला. वाट बंद झाली ती इथे.

ती किती बंद झाली, ते १९२७ साली कळलं. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात तीन पिढ्या मोजल्या: आई, ही आणि हिची तान्ही मुलगी. मोरेलचा उतारच तो. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत गेली आणि चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीतही आली.

पायरी ६: एक सरकारी अहवाल वाचाच

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्लंडला सैनिक मिळेनात. भरतीला आलेल्या पाचांतले दोनच शेवटी कामाचे उरतात, असं एका सेनाधिकाऱ्यानं जाहीर लिहिलं आणि देशाची पाचावर धारण बसली. वंश किडला! सरकारनं समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ साली आला, आणि नवख्यासाठी याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

मथळ्यापासूनच बघा. समितीनं अधःपतनाचा शब्द टाळला आणि शारीरिक ‘डिटीरिओरेशन’ म्हटलं, म्हणजे नुसता बिघाड. गरिबांच्या वस्तीतली बहुतेक मुलं जन्मतः धडधाकट असतात, अशी साक्ष समितीपुढे झाली. ती खंगतात ती नंतर, भुकेनं, कोंदट खोलीत, घाण दुधानं. सबंध वंश घसरतोय याला पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ साली शाळेत वैद्यकीय तपासणी आली. मोरेलची चार पिढ्यांची शोकांतिका एका ताटलीपाशी येऊन थांबते. अहवाल कंटाळवाणा आहे, साक्षीपुराव्यांची बाडंच्या बाडं आहेत. साक्षी मात्र वाचा. गंमत त्यांत आहे.

पायरी ७: नॉर्डाऊ चाळा, अडकू नका

पॅरिसमध्ये राहणारे डॉक्टर-पत्रकार मॅक्स नॉर्डाऊ यांनी १८९२-९३ मध्ये ‘एंटआर्टुंग’ याच नावाचे दोन खंड लिहिले, लोंब्रोझोंना अर्पण करून. त्यांत इब्सेन, वॅग्नर, टॉल्स्टॉय, झोला, नीत्शे, सगळे रोगी ठरले. पुस्तक धडाक्यात खपलं. नाटककार शॉ यांनी त्याची यथेच्छ चिरफाड केली. दोन-तीन प्रकरणं पुरेत, लेखकाला राग आलाय एवढं लगेच कळतं. जाणून घ्यायची गोष्ट पुढे आहे. नॉर्डाऊ ज्यू होते, पुढे हर्झल यांच्यासोबत झायनवादी, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश मागणाऱ्या चळवळीत होते. आणि १९३७ च्या जुलैत म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक चित्रं टवाळीसाठी मांडली, त्या प्रदर्शनाच्या नावात हाच शब्द होता.

पायरी ८: आपल्या मुलखाकडे वळताना तीन खड्डे सांभाळा

पहिला खड्डा कालक्रमाचा. गुन्हेगार जमाती कायदा लोंब्रोझोंमुळे आला, असं बेधडक लिहिलेलं आढळतं. कायदा १८७१ चा, लोंब्रोझोंचं पुस्तक १८७६ चं. तो कायदा मांडताना युक्तिवाद होता जातीचा: सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. इथे कुणी ‘घसरलेलं’ नाही. ही माणसं पहिल्यापासून अशीच, असं गृहीत आहे. घसरण नाही, त्यामुळे परतायला मूळ जागाही नाही. सुरुवातीला कायदा उत्तरेत होता. मुंबई इलाख्यापर्यंत तो १९११ च्या सुधारणेनं पोचला. १९५२ साली ३१ ऑगस्टला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन.

दुसरा खड्डा प्रवासवर्णनांचा. रिचर्ड बर्टन यांचं गोव्यावरचं १८५१ चं पुस्तक घ्या. पोर्तुगीज आणि एतद्देशीय यांच्या मिश्र संततीबद्दल त्यात जे लिहिलंय ते वाचवत नाही. या काळातल्या इंग्रजांना एका भीतीनं ग्रासलं होतं: उष्ण हवेत गोरा माणूस दोन-तीन पिढ्यांत नासतो. मुंबईत तर ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ ही म्हण सतराव्या शतकाअखेरीसच नोंदली गेली होती. पोरांना विलायतेला धाडणं, उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठणं, यांत ती भीती होती. गोवा त्या भीतीचा आरसा: बघा, राहिलेल्यांचं काय झालं! आणि बर्टन गोव्यात का होते? मुंबईच्या फौजेतून आजारपणाच्या सहा महिन्यांच्या रजेवर. पुस्तकाच्या नावातच तसं लिहिलंय.

तिसरा खड्डा आपल्याच ग्रंथांचा. कलियुग, वर्णसंकर हे शब्द दिसले की ‘हे तर आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणायचा मोह होतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, द्रविड वगैरे मूळचे क्षत्रिय, संस्कार सुटल्यानं हळूहळू शूद्रत्वाला गेले, असं म्हटलंय. घसरण आहे, पण ती क्रियालोपानं, म्हणजे संस्कार सुटल्यानं झालेली. म्हणून वाटही विधीची. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाआधी प्रायश्चित्त आणि मुंज झाली ती याच तर्कानं. उलट ‘नंदांनंतर क्षत्रिय उरलेच नाहीत’ हे वचन ती वाटही बुजवतं. १८९९ पासून कोल्हापुरात पेटलेल्या वेदोक्ताच्या वादात भांडण होतं ते नेमकं या जागेवर. चार प्रश्न इथेही चालतात. फक्त मोरेल आणि मनू यांना एका पंगतीला बसवू नका.

पायरी ९: शब्द कुणाच्या हातात आहे ते पाहा

डॉ. आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं १९३६ चं भाषण वाचताना नवख्या वाचकाला एक ठेच लागते. हिंदू हे शरीरानं ‘सी-थ्री’ लोक आहेत, खुजे, दमसास नसलेले, दहांतले नऊ सैन्याला नालायक, असं तिथे म्हटलंय. बाबासाहेबही यातलेच का? मागची-पुढची पानं वाचा. जातिव्यवस्थेनं वंश शुद्ध राखला, ती सुप्रजननाची युक्तीच आहे, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर देताहेत. ‘सी-थ्री’ ही पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश भरतीची सगळ्यात खालची श्रेणी. १९०४ च्या अहवालामागची भरतीची काळजी, तिचंच पुढचं टोक. तुमचीच मोजपट्टी घेतो, म्हणताहेत ते. इतकी शतकं निवडून-निवडून लग्नं लावलीत, मग पीक कुठाय? पायरी ६ केली असेल तर हे वाक्य एका झटक्यात उलगडतं, नसेल केली तर अंगावर येतं.

पायरी १०: मोजमापं मोजून पाहा

१९२०च्या दशकाअखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. संस्था मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मिश्र संततीवर १९१३ साली पुस्तक लिहिलं होतं. बाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. तो फरक वंशानुसार दिसेल, युरोपीय कवट्या वेगळ्या पडतील, अशी फिशर यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक पडत नाही असं लिहून दिलं, फिशर यांच्याच हाताखाली.

तेव्हा तक्ता दिसला की दबून जाऊ नका. किती कवट्या, कुठून आणल्या, ‘मंद’ हा शेरा कुणी आणि किती वेळ बघून मारला, हे वहीत टिपा. यातली बहुतेक पुस्तकं स्वामित्वहक्कातून सुटलेली आहेत, स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेली आहेत. शोधताना इंग्रजीत एकाच शब्दावर विसंबू नका, ‘डिजनरसी’ आणि ‘डिटीरिओरेशन’ही टाका. जुन्या मराठी मासिकांत ऱ्हास, अधोगती, बीजशुद्धी, सुप्रजाजनन हे शब्द पाहा, र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ ते १९५३) त्यासाठी बरी जागा आहे. पहिल्या महिन्यात १९०४ च्या अहवालातल्या साक्षी आणि मोरेलचं उपायांचं प्रकरण एवढं झालं तरी पुष्कळ.